हराळीची पात

गाडीतळाजवळ, पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर
माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास. सात ते साडेआठ.
खाली ज्वारी पडली की वर बाक थरथरतात
आणि फळ्याच्या कडेचा खडू आपोआप सरकतो.

त्या दिवशी मी लिहिलं : अ टफ रोड टू हो.
म्हणालो, खडतर रस्ता. अडचणीचा काळ.
मागून कुणीतरी विचारलं, मग शेवटचं 'हो' कशाला?
मला ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षं असंच शिकवत आलोय.
म्हणालो, अवघड रस्त्याला हो म्हणायचं, असं समजा.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

मग वाक्यं. मगरपट्ट्याचा सिग्नल, टफ रोड टू हो.
बंद पडलेली लिफ्ट, टफ रोड टू हो.
मी प्रत्येकाला व्हेरी गुड म्हणालो.

यमुना खुटवड, सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत कामाला,
नखांत नेहमी माती, तिने हात वर केला.
"सर, मोबाईलमध्ये बघितलं. हो म्हणजे खुरपं, लांब दांड्याचं.
रस्ता कोण खुरपतं?
ते रोड नसणार, रो असणार. रो म्हणजे आपली पात."

गिरणी थांबली होती. सगळं ऐकू येत होतं.

"खुरपायला बाया एका ओळीत बसतात, सर.
ज्या जागी बसाल, ती तुमची पात.
एखादीची पात मऊ असते, गप्पा मारत पुढे जाते.
एखादीला हराळी लागते.
वरून उपटली तर तुटते, खाली गाठ राहते,
पाठ फिरली की पुन्हा हिरवी.
पण पात बदलून मिळत नाही.
सिग्नल सुटतो, सर. लिफ्ट दुरुस्त होते.
त्याला हे म्हणायचं नाही."

मी डस्टरने 'ड' पुसला.
कुणीतरी म्हणालं, सर, मग बरोबर वाक्य कोणतं?
मी म्हणालो, उद्या.

घरी, ससाणेनगरला, प्रमिला खुर्चीत बसलेली.
मार्चपासून तिच्या डोक्यातून शब्द गेले,
एक सोडून. तो म्हणजे हो.
जेवलीस? हो. दुखतंय? हो.
मी कोण, तुझा भाऊ का? हो.
रोज सकाळी तिच्यासमोर मी चमचा धरतो.
चम्, म्हणतो मी. चम्, म्हणते ती. चमचा.
मंगळवारी आला. बुधवारी गेला.
शुक्रवारी आला, पण वाटीला चमचा म्हणाली.
शेजारचे विचारतात, कसं चाललंय?
मी सांगतो, थोडा प्रॉब्लेम आहे, होईल ठीक.
बँकेत चेक परत गेल्यावरही मी हेच म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बरोबर वाक्य लिहिलं,
आमच्या घराचं. नाव बदलून.
वाचून यमुना काही बोलली नाही.
रविवारी दारात उभी. हातात जास्वंदीची कुंडी.
म्हणाली, "ज्या बाईची पात संपते
ती दुसरीच्या पातीला समोरून लागते. रीत आहे."

चहा घेतला नाही. गॅलरीत प्रमिलाशेजारी फतकल मारून बसली.
पान दाखवलं. हो.
कळी दाखवली. हो.
मग सवयीनं कुंडीतलं तण काढायला लागली,
बोट खुपसून, गाठीसकट,
मला म्हणाली, बघा सर, शहरातसुद्धा सोडत नाही ही हराळी,

आणि प्रमिलाने तिचं मनगट धरलं.
घट्ट. चिखलासकट.
तीन पात्यांचं ते टोक आपल्याकडे ओढून घेतलं
आणि आम्हा दोघांना चूक दाखवावी तशी म्हणाली,

"दूर्वा."